मामाची सीडींची ट्रंक आणि गाडीत वाजणारी ७४ मिनिटं: नाशिक रोडवरच्या कामाच्या नोंदी

७ जुलै, रविवार

मामाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सप्टेंबरपर्यंत गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, त्यामुळे तो घरात बसून कंटाळलाय आणि आज नाशिक रोडला गेले तर म्हणाला, "अगं, माळ्यावरची ती सीडींची ट्रंक काढ ना जरा." मामा ३० वर्षं मर्चंट नेव्हीत इलेक्ट्रिकल ऑफिसर होता. बंदरात उतरायला मिळाले दोन-चार तास की बाकीचे घड्याळं आणि चॉकलेटं घ्यायचे, हा सीडीच्या दुकानात. त्यातही याला कंपायलेशन आवडायची, कारण एका सीडीच्या पैशात बारा-तेरा वेगवेगळे लोक ऐकायला मिळतात आणि कोणीतरी जाणकार माणसानं ते निवडलेले असतात. १९९५ ते २००५ मधली ही खरेदी, म्हणजे जॅझ आणि संथ इलेक्ट्रॉनिक बीट यांची जोडी युरोपात जोरात होती तेव्हाची. मोजल्या तर ६१ सीडी.

काम असं ठरलं: सगळ्या सीडी लॅपटॉपवर घ्यायच्या आणि त्यातून एकच सीडी बनवायची, मामाच्या गाडीत लावायला. गाडी २००८ ची, तिला यूएसबी नाही, ऑक्स म्हणजे फोनची वायर लावायची सोय नाही, फक्त सीडी. नवीन स्टिरिओ बसव असं सगळे सांगतात पण तो डॅशबोर्डमध्येच घडवलेला आहे, आणि मामाला डॅशबोर्ड कापायचा नाहीये. डॉक्टरांनी हो म्हटलं की पहिली फेरी त्र्यंबकेश्वर. नाशिक रोडवरून द्वारका, मुंबई नाका, सातपूर करत त्र्यंबकला जायला ट्रॅफिक धरून सव्वा तास लागतो, म्हणजे एक सीडी बरोबर बसते.

कोणी असंच काम काढणार असेल तर उपयोग होईल म्हणून लिहून ठेवतेय. गाणी मी कुठे टाकणार नाहीये, ती घरात ऐकायला आहेत. पद्धत तेवढी घ्या.

१० जुलै

ट्रंकेत १५ पावसाळ्यांची ओल. पुस्तिका एकमेकींना चिकटल्यात, नऊ सीडींवर बुरशी आहे, पांढरी, कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरलेली. आज फक्त वर्गवारी केली: स्वच्छ ४४, ओरखडे ८, बुरशी ९.

काय काय निघालं ते सांगते कारण मला खूप आनंद झाला. म्युनिकच्या कॉम्पोस्ट रेकॉर्ड्सची 'फ्यूचर साउंड ऑफ जॅझ' मालिका, १९९५ पासूनची, तिचे चार भाग. व्हिएन्नाच्या क्रूडर आणि डॉर्फमायस्टरची १९९६ ची 'डीजे-किक्स'. पॅरिसची 'सँ-जर्मेन-दे-प्रे कॅफे'. स्टेफान पोंपून्याकची 'ओतेल कॉस्त'. इबिझाच्या 'कॅफे देल मार'चा १९९४ चा पहिला भाग, होझे पादिलानं निवडलेला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे २००२ ची 'व्हर्व्ह रीमिक्स्ड' आणि तिची जोडीदार 'व्हर्व्ह अनमिक्स्ड' दोन्ही आहेत. एकीत बिली हॉलिडे, सारा व्हॉन, डायना वॉशिंग्टन यांच्या जुन्या रेकॉर्डिंगवर नवीन लोकांनी केलेलं काम, आणि दुसरीत तीच गाणी मूळ रूपात. शेजारी शेजारी ठेवून ऐकता येतात. या कामात हीच दोन जास्त शिकवतील असं वाटतंय.

१४ जुलै, रविवार

आज एक सीडी माझ्या हातून गेली. सविस्तर लिहिते म्हणजे तुमची जाणार नाही.

चमकत्या बाजूची बुरशी छान निघाली: साधं फिल्टरचं पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, जुन्या सुती धोतराचं मऊ कापड, आणि पुसायचं मधल्या भोकाकडून बाहेर सरळ रेषेत. गोल गोल पुसायचं नाही. सीडीत चुका दुरुस्त करायची सोय असते, ती ट्रॅकच्या दिशेनं सुमारे अडीच मिलिमीटरचा खड्डा भरून काढते, आडवा ओरखडा असेल तर ट्रॅकचा अगदी थोडा भाग जातो पण गोल ओरखडा ट्रॅकबरोबरच पळतो, मग सोय संपते.

इथपर्यंत बरोबर केलं. मग सीडी उलटी केली आणि छापील बाजूवरची बुरशी त्याच जोरानं पुसली. मला वाटायचं चमकती बाजू नाजूक, छापील बाजू मजबूत. उलटं आहे. चमकत्या बाजूला एक मिलिमीटरहून जाड प्लास्टिक असतं, ॲल्युमिनियमचा थर असतो छापील बाजूला, वर फक्त वार्निशचा पातळ थर आणि शाई. बुरशीनं ते वार्निश आधीच खाल्लेलं होतं. कापडावर चंदेरी कण आले तेव्हा मला कळलं. सीडी खिडकीसमोर धरली तर कडेला मुगाच्या डाळीएवढं भोक, त्यातून समोरच्या सोसायटीची टाकी दिसत होती.

सीडी आतून बाहेर वाजते, त्यामुळे कडेचं भोक म्हणजे शेवटची गाणी. शेवटची दोन गेली. मामाला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला बाकीची दहा आहेत ना, ती काढ. रात्री झोप लागली नाही.

नियम: छापील बाजूला बुरशी असेल तर हात लावायचा नाही. आधी कॉपी करून घ्यायची, साफसफाई नंतर, आणि वाजत असेल तर साफसफाई करायचीच नाही.

२० जुलै, शनिवार

लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही. एम. जी. रोडवरून बाहेरून जोडायचा यूएसबी ड्राइव्ह आणला, १,६५० रुपये. घरी आल्यावर दर तिसरी सीडी अर्ध्यात अडकायची, ड्राइव्ह टक टक आवाज करायचा आणि गायब व्हायचा. सगळा शनिवार सीडींना दोष देण्यात गेला. कारण वेगळंच होतं, मी तो यूएसबी हबला लावला होता आणि त्याच हबवर माउस, हार्ड डिस्क, सगळं. ड्राइव्हला पुरेशी वीज मिळत नव्हती. थेट लॅपटॉपला लावला तर एकही अडकली नाही. सहा तास वाया.

सॉफ्टवेअर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, फुकट आहे. सुरक्षित मोडवर ठेवा, वेळ लागतो पण तो प्रत्येक तुकडा पुन्हा पुन्हा वाचून जुळवतो, आणि ॲक्युरेटरिप चालू असेल तर जगात बाकीच्यांनी त्याच सीडीची काढलेली कॉपी आणि आपली सारखी आहे का तेही सांगतो. चांगली सीडी बारा-पंधरा मिनिटं. ओरखड्यांच्या आठांपैकी एकीनं तीन तास चाळीस मिनिटं घेतली, पण आली. फाइल फ्लॅक नावाच्या प्रकारात, साधारण निम्म्या जागेत बसतं आणि एक थेंबही कमी होत नाही.

२८ जुलै, रविवार

५३ झाल्या. मधल्या आठवड्यात रोज ऑफिसवरून आल्यावर तीन-चार. आज लक्षात आलं की टॅगचा, म्हणजे फाइलमध्ये लिहिलेल्या गाण्याच्या आणि कलाकाराच्या नावांचा, पूर्ण बट्ट्याबोळ आहे. कंपायलेशनचं हेच दुखणं आहे, प्रत्येक गाण्याचा कलाकार वेगळा, त्यामुळे प्लेअर एका सीडीचे तेरा अल्बम करतो, प्रत्येकात एक गाणं. माझ्याकडे ५३ सीडींचे साडेसहाशेच्या वर अल्बम झाले होते. शिवाय नेटवरून येणाऱ्या नावांत कुठे कलाकार आधी, तिरकी रेघ, मग गाणं, कुठे उलटं.

उपाय सोपा आहे, आधी माहीत असायला हवा होता. 'अल्बम आर्टिस्ट' नावाचा वेगळा रकाना असतो, त्यात सगळ्या गाण्यांना एकच 'विविध कलाकार' भरायचं, आणि 'आर्टिस्ट'मध्ये ज्याचं त्याचं नाव. हे कॉपी करण्याआधी सेटिंगमध्ये ठेवलं असतं तर आपोआप झालं असतं. नंतर हातानं करायला दोन रविवार लागणार.

दुसरं एक कळलं. ट्रंकेत पाच सीडी मामानं स्वतः बर्न केलेल्या आहेत, मार्करनं लिहिलंय 'चिल ३', 'चिल ४' वगैरे, जहाजावरच्या कोणाकडून तरी गाणी घेऊन. ऐकायला ठीक पण झांजेचा आवाज ओल्या कागदासारखा. ऑडॅसिटी या आवाजावर काम करायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम काढला, म्हणजे किती उंच सूरापर्यंत आवाज आहे ते दाखवणारं चित्र, तर १६ किलोहर्ट्झच्या वर सुरीनं कापल्यासारखं सपाट काळं. म्हणजे कमी दर्जाच्या एमपीथ्रीवरून बर्न केलेलं. त्या सीडी आठवण म्हणून ठेवणार पण त्यातून गाणं घेणार नाही. जॅझमध्ये ड्रमवरचा ब्रश आणि झांज गेली की माणूसच खोलीतून उठून गेल्यासारखं वाटतं.

३ ऑगस्ट, शनिवार

निवड. मामाच्या पलंगाशेजारी स्पीकर लावला आणि दोघांनी दोन दिवसांत ७०-८० गाणी ऐकली.

पहिलाच धक्का: 'डीजे-किक्स' आणि 'ओतेल कॉस्त' मधून काहीच घेता येत नाही. त्या डीजेनं सलग जोडलेल्या सीडी आहेत. मधलं एखादं गाणं काढलं की त्याच्या सुरुवातीला आधीच्या गाण्याची शेपटी येते आणि शेवटी पुढच्याचं तोंड. मी ती शेपटी कापून पाहिली, फेड करून पाहिली, प्रत्येक वेळी जखम दिसते. त्या सीडी आहेत तशाच सलग ऐकायच्या. त्यांच्याकडून फक्त शिकायचं.

मग सुट्ट्या गाण्यांच्या सीडीच उरल्या. लुडोविक नाव्हार म्हणजे सेंट जर्मेन, त्याचा २००० चा ब्लू नोटवरचा 'टूरिस्ट' कंपायलेशन नाही पण मामाचा हट्ट म्हणून त्यातलं एक घेतलं. तलविन सिंगनं काढलेली १९९७ ची 'अनोखा' मला फार हवी होती, तबला ऐकून मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली होती, पण तिची बरीचशी चाल एकदम धावती आहे, शेजारचं संथ गाणं तिच्यापुढे झोपल्यासारखं वाटतं. सोडली. अजून वाईट वाटतंय.

१४ गाणी ठरली. एकूण ७३ मिनिटं २० सेकंद. रिकामी सीडी ८० मिनिटांची मिळते पण मूळ मानक ७४ मिनिटांचं आहे, त्यापेक्षा जास्त भरायचं तर रेघा दाटीनं आखलेल्या असतात आणि जुना प्लेअर कडेला अडखळायची भीती. ७४ च्या आत राहा.

१० ऑगस्ट, शनिवार

क्रम लावताना तीन वेळा चुकले.

पहिला क्रम मी मैफलीसारखा लावला, विलंबितापासून द्रुतापर्यंत, कारण माझ्या कानाला तीच सवय. घरात छान वाटला. पण गाडीचा विचार करा, सुरुवातीची २० मिनिटं द्वारका आणि मुंबई नाक्याच्या गर्दीत, तेव्हाच सगळ्यात हळू आणि नाजूक गाणी, ती कोणाला ऐकू येणार. आणि अंजनेरीच्या पुढे डोंगर दिसायला लागतो, पाऊस असतो, तिथे नेमकी धावती गाणी.

दुसरा क्रम सॉफ्टवेअरनं मोजलेल्या लयीवर लावला. तेही फसलं. सॉफ्टवेअरनं ८५ ची लय १७० सांगितली, दुप्पट मोजली, आणि जॅझवाल्या गाण्यात तर आकडा दर मिनिटाला बदलत होता. त्यात त्याची चूक नाही, माणूस ड्रम वाजवतो तेव्हा सोलो रंगला की लय चढतेच. तरी मी एका ठिकाणी लूपवर, म्हणजे मशीननं पुन्हा पुन्हा वाजवलेल्या एकाच तुकड्यावर, ड्रम जुळवून दोन गाणी एकमेकांत मिसळायचा प्रयत्न केला, पहिले चार आवर्तनं सुंदर, मग दोघं हळूहळू सुटत गेले, आठव्या आवर्तनाला दोन माणसं एका दारातून एकदम बाहेर पडताना अडकतात तसं. चार संध्याकाळी त्यात घातल्या. जिवंत ड्रम आणि मशीनचा लूप एकमेकांवर चढवायचे नाहीत, एक संपू द्यायचा मग दुसरा आणायचा.

तिसऱ्या वेळी मामीची पेटी कामाला आली. मामी भजनी मंडळात पेटी वाजवते. मी सॉफ्टवेअरनं पट्टी काढत होते, जॅझचे कॉर्ड इतके गुंतागुंतीचे की ते दर वेळी वेगळं सांगायचं. मामी म्हणाली, "शेवटचा सूर लाव, मी सांगते." तिनं पेटीवर बोट ठेवलं, काळी दोन. पुढच्या गाण्याचा पहिला सूर लावला, पांढरी तीन. अगदी शेजारची पट्टी, म्हणूनच तिथे मला दर वेळी दात आंबल्यासारखं होत होतं आणि कारण कळत नव्हतं. त्याऐवजी काळी पाचवर सुरू होणारं गाणं आणलं, सा-पचं नातं, आणि सांधा असा बसला की मामानं मान डोलावली. १४ गाण्यांचे सुरुवातीचे आणि शेवटचे सूर मामीनं वहीत लिहून दिले, वहीच्या मागे दळणाचा हिशोब आहे. त्यात काळ्या पट्ट्या जास्त निघाल्या. ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोन काळी पाचचे, आल्टो सॅक्सोफोन काळी दोनचा, म्हणून जॅझवाले त्या पट्ट्यांत जास्त रमतात.

आता क्रम पक्का: सुरुवातीला ठाम बीटवाली चार, सातपूर ओलांडल्यावर मोकळी, मध्ये बिली हॉलिडे, शेवटी ट्रम्पेट.

१५ ऑगस्ट

सुट्टी. आवाजाच्या पातळीवर सगळा दिवस.

माझ्या १४ गाण्यांत जुनी रेकॉर्डिंग आणि २००० नंतरची मास्टरिंग यांच्यात सात ते दहा डेसिबलचा फरक निघाला. म्हणून मी सरळ सगळी एका पातळीवर आणली, सॉफ्टवेअर सरासरी मोजून करतं. ऐकलं तर बिली हॉलिडे एकदम तोंडासमोर येऊन ओरडल्यासारखी. ती बाई कुजबुजत गाते. व्हिएन्नाच्या झिहान आणि कामियननं केलेलं त्याच 'डोन्ट एक्सप्लेन'चं रीमिक्स आणि मूळ गाणं पाठोपाठ लावून ऐकलं तेव्हा उलगडलं. रीमिक्समध्ये आवाज मागे ठेवून भोवती जागा तयार केलीय. मूळमध्ये जागा आधीच होती, खोलीची, मायक्रोफोनपासून तिच्या अंतराची, आणि मी पातळी चढवून ती खोली लहान केली होती.

मग उलटं केलं. जुनी गाणी जवळजवळ आहेत तशी ठेवली, नवीन खाली आणली. आकडे समान नाहीत, जुनं गाणं नव्यापेक्षा दोन-अडीच डेसिबल खालीच आहे, पण कानाला एकाच खोलीत बसलेले वाटतात. या सगळ्या कामात मला सापडलेली खरी गोष्ट हीच, जुन्याला ओढून वर न्यायचं नाही, नव्याला थोडं बसायला सांगायचं.

सांध्यांचंही आज सापडलं. इलेक्ट्रॉनिक गाणं संपतं तेव्हा पूर्ण शांतता असते, शून्य. जुनं जॅझ सुरू होताना टेपची सळसळ एकदम चालू होते, टप्प, आणि वाटतं सीडीत काही बिघाड आहे. मी ती सळसळ काढायचा फिल्टर लावला तर ब्रशचा आवाजही गेला. शेवटी त्याच गाण्याच्या सुरुवातीची, पहिला सूर लागायच्या आधीची अर्धा सेकंद सळसळ घेतली, तिचे तुकडे एकमेकांवर चढवत तीन सेकंद केले आणि आधीच्या गाण्याच्या शेपटीखाली हळूहळू आत आणली. आता असं वाटतं की कोणीतरी दार उघडलं, आतली खोली ऐकू आली, आणि मग गाणं सुरू झालं. एका सांध्याला दीड तास. असे चार आहेत.

१८ ऑगस्ट, रविवार

पहिली बर्निंग, पहिली चाचणी, दोन्ही फसल्या.

रिकाम्या सीडींची ५० ची डबी ९५० रुपये. पहिली सीडी घाईत डेटा म्हणून बर्न झाली, गाडीनं बाहेर थुंकली. ऑडिओ सीडी असंच निवडायचं. दुसरी ड्राइव्हच्या सगळ्यात जास्त वेगानं, गाडीत नऊ नंबरला अडखळली. तिसरी १६ च्या वेगानं नीट वाजली, पण प्रत्येक गाण्यानंतर दोन सेकंदांची मुकी जागा, माझे सगळे सांधे मोडले. एकेक ट्रॅक वेगळा बर्न केला की तसं होतं. सगळी सीडी एका दमात, डिस्क ॲट वन्स, आणि क्यू फाइल (कुठलं गाणं कुठे सुरू होतं ते सांगणारी छोटी फाइल) लावून बर्न करायची.

तरी तिसरी घेऊन मावसभाऊ आणि मी दुपारी त्र्यंबक रोडला निघालो, निदान आवाज कळेल म्हणून. उद्या तिसरा श्रावणी सोमवार हे माझ्या डोक्यातच नव्हतं. ब्रह्मगिरीच्या फेरीला आजपासूनच माणसांची रीघ, एसटीच्या जादा गाड्या, खासगी गाड्या पुढे सोडत नव्हते. सातपूरच्या थोडं पुढून परत. दोन तास आणि पेट्रोल गेलं.

पण जेवढं ऐकलं त्यातून दोन दोष कळले. डबल बेस रस्त्याच्या आवाजात पूर्ण बुडतो, बोट तारेवर आपटल्याचा टक फक्त ऐकू येतो, सूर नाही. आणि इलेक्ट्रॉनिक गाण्यातला खोल बेस आला की ड्रायव्हरकडचं दार खडखड करतं.

२४ ऑगस्ट, शनिवार

दार. आतलं प्लास्टिकचं पॅनल काढलं, दोन क्लिप तुटलेल्या, १५ वर्षांत कोणीतरी तशाच बसवलेल्या. फोमची पट्टी आणि क्लिप मिळून १२० रुपये. पॅनलच्या कडेनं फोम चिकटवला, वायर मोकळी लोंबत होती ती बांधली. खडखड ९० टक्के गेली. उरलेली फाइलमध्ये काढली: ३५ हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं, त्या स्पीकरमधून ते ऐकू येतच नाही, फक्त दार हलतं.

डबल बेसला मी आधी कॉम्प्रेसर लावला, तो मोठा आवाज दाबतो आणि बारीक वर आणतो. दर झांजेला मागची सळसळ वर येऊन खाली जायची, श्वास लागल्यासारखी. काढून टाकला. मग हातानं केलं, ऑडॅसिटीच्या एन्व्हलप टूलनं, जिथे बेस एकटा आहे तिथे तेवढेच सहा-सात सेकंद तीन डेसिबल वर, आणि सॅक्सोफोन येण्याआधी परत खाली. वेळ लागतो पण कोणाला कळत नाही की काही केलंय. मामाला न सांगता ऐकवलं, तो म्हणाला बेस आज जवळ बसलाय.

१ सप्टेंबर, रविवार

१६ चा वेग, एका दमात, क्यू फाइल. सांधे शाबूत. मग मी छान छापील कागदी लेबल चिकटवलं, मामाचा जहाजावरचा फोटो घालून. गाडीत सीडी थरथरायला लागली आणि बाहेर येताना लेबलची कड स्लॉटमध्ये घासली. बरं की अडकली नाही, अडकली असती तर डॅशबोर्डच उघडावा लागला असता. गाडीतल्या सीडीला कागद चिकटवू नका. दुसरी बर्न केली, सीडीसाठीच्या मार्करनं फक्त नाव आणि तारीख. फोटो कव्हरमध्ये ठेवला. आतापर्यंत वाया गेलेल्या सीडी सात.

७ ला गणपती, पुढचे आठ-दहा दिवस काम बंद.

१५ सप्टेंबर, रविवार

डॉक्टरांनी मंगळवारी हो म्हटलं. आज पहाटे सहाला निघालो, मामा गाडी चालवत, मामी पुढे, मी मागे वही घेऊन.

मुंबई नाक्यापर्यंत मामा काहीच बोलला नाही, गुडघ्याकडे लक्ष होतं. सातपूर गेल्यावर पाचवं गाणं, तिथे त्यानं काच खाली केलेली वर केली. सातव्याला, बिली हॉलिडेच्या आधी ती तीन सेकंदांची सळसळ आली, आणि मामानं ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल केला. गाडी ६० वरून ४० वर आली. पूर्ण गाणं ४० नं. मागून एक ट्रकवाला हॉर्न देत होता, मामानं त्याला हातानं पुढे जायला सांगितलं. गाणं संपल्यावर म्हणाला, "रॉटरडॅमला घेतली होती ही. दुकान बंद करत होते." बस एवढंच.

अंजनेरीला धुकं, डोंगर अर्धाच दिसत होता. ट्रम्पेटवालं शेवटचं गाणं त्र्यंबकच्या अलीकडे दोन किलोमीटरवर संपलं, म्हणजे पहाटे रस्ता मोकळा असूनही माझा अंदाज जवळजवळ बरोबर आला. अकराव्या गाण्याला दार अजून जरा वाजतं. आणि बाराव्या-तेराव्याचा सांधा घरात बरा वाटतो पण गाडीत अर्धा सेकंद लांब आहे, मामीच्याही लक्षात आलं.

हिशोब: ड्राइव्ह १,६५०, रिकाम्या सीडी ९५०, फोम आणि क्लिप १२०, कापड, मार्कर, नवीन प्लास्टिक कव्हरं आणि ट्रंकेत ठेवायला सिलिका जेल मिळून ३४०. एकूण ३,०६० रुपये, पेट्रोल वेगळं. वेळ दहा आठवडे.

राहिलेलं: बुरशीवाल्यांपैकी आठ सीडी अजून न पुसता आहेत तशाच वाचून बघायच्या आहेत. सगळ्या फाइल दोन हार्ड डिस्कवर, एक माझ्याकडे सिडकोला, एक मामाकडे. बाराव्याचा सांधा अर्ध्या सेकंदानं कमी करून पुढच्या शनिवारी नवी कॉपी बर्न करणार, आणि मामीला तीत 'अनोखा'मधलं तबल्याचं हवंच आहे, त्यासाठी शेजार शोधतेय. तिनं पेटीवर लावून पाहिलंय आणि वहीत पट्टी लिहून ठेवलीय.